फुग्याचा कुत्रा, अष्टफलक आणि हातात न मावणारे पीळ

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी पहिला शोधनिबंध कोणता वाचावा, असं मला कुणी विचारलं की मी हल्ली फुग्यांवरचा निबंध सुचवते. समोरचा आधी हसतो. आपल्या वऱ्हाडात तर सरळ विचारतील, "हे काय संशोधन आहे का बापा?" आहे. एरिक डमेन, मार्टिन डमेन (हे बापलेक आहेत) आणि व्हाय हार्ट या तिघांनी २००८ मध्ये मॉन्ट्रिआलला झालेल्या कॅनडाच्या संगणकीय भूमिती परिषदेत तो मांडला. विषय काय, तर लांब फुगे पिळून आकृत्या करण्यामागचं गणित.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी परतवाड्याहून घाट चढून गाड्या चिखलदऱ्याला येतात. तिथे पॉइंटांवर भुट्ट्याच्या शेजारी फुगेवाला उभा असला, तर त्याच्याकडचा पिळायचा फुगा या धंद्यात '२६०' म्हणून ओळखला जातो. फुगवल्यावर तो साधारण २ इंच जाड आणि ६० इंच लांब होतो, म्हणून हा आकडा. निबंधातला फुगा मात्र फक्त एक रेघ आहे. पीळ दिला की तिथे बिंदू होतो, दोन पिळांमधला फुगीर भाग म्हणजे कड, आणि दोन बिंदू एकमेकांत अडकवता येतात. रंग, जाडी, हवा हे सगळं बाजूला ठेवलंय.

एवढ्यावर पहिला प्रश्न: दिलेल्या आकृतीला कमीत कमी किती फुगे लागतील? एकाच कडेवरून दोनदा जायचं नाही. लहानपणी "हात न उचलता काढ" म्हणून आपण चित्रं काढायचो, तोच हा प्रश्न, ऑयलरने क्योनिग्जबर्गच्या पुलांवरून सोडवलेला. ज्या बिंदूशी विषम संख्येने कडा मिळतात, तिथे कुठल्या तरी फुग्याचं टोक आलंच पाहिजे. आकृती सलग असेल तर असे बिंदू मोजा आणि दोनाने भागा. असा एकही बिंदू नसेल तर एक फुगा पुरतो. घनाला १२ कडा आणि ८ कोपरे, प्रत्येकाशी ३ कडा, म्हणजे ४ फुगे. अष्टफलकालाही (दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून जोडले की होतो तो) १२ कडाच असतात, पण प्रत्येक कोपऱ्याशी ४, म्हणून एकाच फुग्यात काम होतं. जत्रेतल्या कुत्र्याचंही बघा. दोन कान, पुढचे दोन पाय, मागचे दोन पाय या सगळ्या जोड्या म्हणजे छोटी वेटोळी. विषम बिंदू दोनच उरतात, नाकाचं टोक आणि शेपटीचं टोक. कुत्रा एका फुग्याचा का होतो, याचं कारण इतकं साधं आहे. (जेफ कून्सचा केशरी कुत्रा २०१३ मध्ये ५ कोटी ८४ लाख डॉलरला विकला गेला. तो पोलादाचा आहे, त्याला पीळ देण्याचा प्रश्नच आला नाही.)

मग निबंध एक अट वाढवतो: सगळे फुगे सारख्या लांबीचे हवेत. आतापर्यंत बोटांवर सुटणारा प्रश्न इथे एनपी-कम्प्लीट होतो. म्हणजे कुणी उत्तर आणून दिलं तर ते पटकन तपासता येतं, पण कुठल्याही आकृतीसाठी उत्तर शोधून काढणारी झटपट रीत कुणाला सापडलेली नाही. एका व्यवहारी अटीने प्रश्नाची जातच बदलते, आणि हा निबंध वाचायला सांगण्याचं माझं मुख्य कारण हेच.

आता टीका. सोपा आक्षेप हवेचा. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. परतवाड्यात घेतलेलं चिप्सचं पाकीट वर येईपर्यंत टम्म होतं, फुग्याचंही तेच. शिवाय दर पिळाला हवा पुढे सरकते, म्हणून कारागीर शेपटीकडचा भाग न फुगवता मोकळा सोडतो. निबंधात हे काही नाही. पण हा दोष धरायचा का? मला वाटत नाही. हवेचा हिशेब घातला तरी फुग्यांची संख्या बदलणार नाही. सेमिनारमध्ये "तुम्ही अमुक धरलंच नाही" असं म्हणणाऱ्याने, ते धरल्याने निकाल बदलतो का, हेही सांगायला हवं.

दुसरा आक्षेप सारख्या लांबीचा. विक्रेत्याला फुगा अर्धाच फुगवता येतो, मग सगळे सारखे कशाला? खरी अट 'अमुकपेक्षा लांब नको' अशी हवी. हा आक्षेप मला बरेच दिवस पटत होता. पण समजा सगळ्या कडांची बेरीज फुग्यांची संख्या गुणिले कमाल लांबी, अगदी इतकीच आहे. मग प्रत्येक फुगा पूर्ण वापरावाच लागतो, म्हणजे अट सारख्या लांबीचीच झाली. माझ्या अटीनेही प्रश्न सोपा होत नाही. लेखकांची निवड इथे टिकते.

तिसरा आक्षेप मात्र मी सोडणार नाही. एकटा पीळ हात काढला की उलगडतो. वेटोळं करून तो अडकवेपर्यंत बोटांत धरून ठेवावा लागतो. या सिद्धान्तात कुत्र्याचा कान आणि हातातून सुटणारा पीळ यांत फरक नाही. दोन्ही नुसते बिंदू.

अष्टफलकाच्या कोपऱ्यांना फाशासारखे आकडे द्या, समोरासमोरच्यांची बेरीज ७. समोरासमोरचे सोडून बाकी सगळे कोपरे एकमेकांना जोडलेले. आता फुगा या क्रमाने न्या: १-२-३-१-४-२-६-४-५-६-३-५-१. सुरुवातीच्या त्रिकोणात २ आणि ३ हे दोन पीळ धरावे लागतात. त्यानंतर प्रत्येक नवा पीळ पुढच्याच कडेला जुन्या बिंदूत अडकतो, एका वेळी एकच मोकळा. दुसरा क्रम: १-२-६-३-५-४-१-३-२-४-६-५-१. हाही गणिताने बरोबर, त्याच १२ कडा, तोच एक फुगा. पण १ वर परत येईपर्यंत पाच पीळ मोकळे. ते धरून ठेवायला माणसाला बोटं पुरत नाहीत.

निबंधाच्या हिशेबात हे दोन्ही मार्ग सारखे आहेत. फुगेवाल्याच्या हिशेबात एक कलाकृती आहे आणि एक रबराचा गुंता. कारागिराला जे बोटांनी कळतं ते गाळून सिद्धान्त सुटसुटीत झाला, याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की गाळलेल्या भागातही तितकाच चांगला गणिती प्रश्न होता, आणि तो हात चालताना बघितल्याशिवाय दिसत नाही. मेळघाटात लवाद्याच्या बांबू केंद्रात टोपली विणताना बघा. तिथेही कुठली पट्टी आधी अडकवायची, यावर विणकाम उभं राहतं.

विषयाच्या शोधात असाल तर हा प्रश्न घ्या. एका फुग्यात होणारी कुठलीही आकृती दिली असता, एका वेळी कमीत कमी पीळ मोकळे राहतील असा मार्ग कसा शोधायचा? अष्टफलकाला दोन पुरतात हे वर दिसलंच. एकात भागेल का, ते आधी वहीवर करून बघा, मग फुग्यावर.