शेतीशाळेतील शिक्षक आणि त्याची भाषा

‘शेतीशाळा’ हा शब्द मराठवाड्याच्या शिवारांत आता अपरिचित राहिलेला नाही. गावातील काही शेतकऱ्यांनी हंगामभर ठरावीक अंतराने एका शेतात एकत्र यावे, उभे पीक, माती, कीटक आणि हवामान यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करावे, आणि त्या निरीक्षणावरून पुढील कामाचा निर्णय करावा, अशी या उपक्रमामागील कल्पना आहे. तिचा विचार सामान्यतः कृषिविस्ताराच्या अंगाने केला जातो. म्हणजे किती वर्ग भरले, उपस्थिती किती होती, उत्पन्नात कोणता फरक पडला, अशा प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. हे प्रश्न गौण नव्हेत. परंतु शेतीशाळा ही मुळात एक संवादरचना आहे. तीत बोलणारा एक आहे, ऐकणारे अनेक आहेत, आणि ज्याविषयी बोलावयाचे ती वस्तू उभयतांच्या समोर उभी आहे. यास्तव शिवारातील या शिक्षकाची भाषा कोणती, आणि ती शेतीशाळेच्या मूळ तत्त्वाशी कितपत सुसंगत आहे, हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

१

शेतीशाळेचा उगम इंडोनेशियात झाला. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव कीटकनाशकांच्या अतिरेकाने कमी न होता उलट वाढला. कारण तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि कीटक त्या विषाने आधी नाहीसे झाले. १९८६ साली तेथील शासनाने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांचे वर्ग भातखाचरांच्या कडेला भरू लागले. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर २००९-१० पासून कीड-सर्वेक्षण व सल्ल्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात शेतीशाळेस महत्त्वाचे स्थान मिळाले. तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा धाराशिव जिल्हाही त्या प्रकल्पात समाविष्ट होता.

या पद्धतीचा प्राण एका साध्या नियमात आहे. शेतकऱ्याने एखादा किडा दाखवून ‘हा कोणता?’ असे विचारले, तर शिक्षकाने लगेच नाव सांगू नये. ‘तो कोठे सापडला? तेथे काय करीत होता? असे आणखी किती दिसले?’ असे उलट विचारावे. मग शेतकऱ्यांनी लहान गटांत पिकात जावे, ठरावीक झाडे तपासावीत, मोठ्या कागदावर रोपाचे चित्र काढून एका बाजूस पीक खाणारे कीटक व दुसऱ्या बाजूस त्यांना खाणारे कीटक मांडावेत, आणि फवारणी करावी किंवा न करावी याचा निर्णय सर्वांसमक्ष सांगावा. उत्तर रोखून धरणे हीच येथे शिक्षकाची विद्या आहे.

२

परंडा तालुक्याच्या संदर्भात या विद्येचे महत्त्व विशेष आहे. भीमेला मिळणाऱ्या सीना नदीचा हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. सीना-कोळेगाव प्रकल्प याच तालुक्यात झाला. तरीही ज्याच्या शेतास पाणी पोहोचत नाही, त्याचे सारे गणित पावसावर आणि जमिनीच्या ओलीवरच अवलंबून राहते. रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. भारी काळ्या जमिनीत ती तग धरते, हलक्या बरड जमिनीत लवकर सुकू लागते. आणि या दोन जमिनी पुष्कळदा एकाच बांधाच्या दोन बाजूंस असतात. अशा प्रदेशात संपूर्ण तालुक्यास एकच सल्ला देणे कठीण असते. शेजारच्या शेतात योग्य ठरलेली कृती आपल्या शेतात निष्फळ ठरू शकते, आणि ती निष्फळ ठरली तर तिचा खर्च शेतकऱ्यासच सोसावा लागतो.

तथापि मराठी कृषिसल्ल्याची रूढ भाषा पाहता तिचे वळण नेमके याच्या उलट असल्याचे दिसते. ‘बीजप्रक्रिया करावी’, ‘सापळे लावावेत’, ‘पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी’ हा तिचा परिचित साचा होय. या वाक्यांतील विध्यर्थी क्रियापदाने कर्ता लोपून जातो. कोणी करावी, कोणाच्या पंपाने करावी, मजुरी कोणी द्यावी, हे वाक्य सांगत नाही. आणि कृती फसल्यास उत्तरदायी कोण, हेही त्यात राहत नाही. निंबोळ्यांच्या पाच किलो चूर्णाचा अर्क शंभर लिटर पाण्यास पुरतो, ही माहिती उपयुक्त खरीच. परंतु ती ‘करावी’च्या साच्यात आली की ऐकणाऱ्यास पाहण्याचे काही कारण उरत नाही. शेतीशाळा ‘काय दिसते?’ असे विचारण्यासाठी निर्माण झाली. तिचा शिक्षक मात्र ज्या भाषेत वाढला, ती ‘काय करावे’ हे सांगण्यासाठी घडलेली आहे. वर्ग शेतात भरला तरी वाक्य कचेरीतलेच राहिले, तर तो वर्ग केवळ जागा बदललेला वर्ग होय.

या भेदाचे महत्त्व निव्वळ व्याकरणापुरते नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांस रुग्णालयात जावे लागले. त्या दुर्घटनेस अनेक कारणे होती. परंतु विष हाताळणाऱ्या माणसास ‘ही फवारणी आज खरोखर आवश्यक आहे काय?’ हा प्रश्न स्वतःस विचारता येणे किती मोलाचे आहे, हे तिने दाखवून दिले.

३

शेतीशाळेच्या परिभाषेतही हीच द्विधा आढळते. ‘मित्रकीड’ व ‘शत्रुकीड’ हे शब्द सुबोध आहेत आणि त्यांनी मोठे कार्य केले आहे; प्रत्येक किडा मारावयाचा नसतो, हा विचार त्यांनी शिवारात नेला. परंतु ते निरीक्षणाआधीच निकाल देतात. ढालकिडा मित्र आहे हे चित्रावरून समजलेला शेतकरी पिकात जातो, तेव्हा त्यास त्याच कीटकाची पिल्ले दिसतात. ती लांबट, काळसर, नारिंगी ठिपक्यांची व पंखहीन असतात. ढालीसारख्या गोल प्रौढ कीटकाशी त्यांचे काहीच साम्य नसते. मावा ज्वारीवर चिकटा पाडू लागतो, तेव्हा हीच पिल्ले पानोपानी मावा खात हिंडतात. आणि अळीसारखी दिसतात म्हणून नेमकी तीच शत्रू समजली जाण्याचा संभव असतो. नावाने मैत्री कळते, ओळख मात्र पाहण्याने होते. पिल्लू आणि मावा एका बाटलीत ठेवून दिवसभर पाहावयास सांगणारा शिक्षक ‘मित्र’ हा शब्द न उच्चारताही अधिक शिकवितो.

‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही संज्ञा याहून दुर्बोध आहे. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी ओळीच्या एका मीटरात एक-दोन अळ्या, अशी ही पातळी सांगितली जाते. हा आकडा पाठ होतो. परंतु त्यामागील विचार, म्हणजे वाचणाऱ्या दाण्याची किंमत फवारणीच्या खर्चाहून अधिक आहे की कमी, हा आकड्याआड झाकला जातो. वस्तुतः या विचारासाठी शेतकऱ्याजवळ ‘परवडणे’ हा समर्थ शब्द पूर्वीपासून आहे. ‘किती अळ्यांपर्यंत फवारणी परवडत नाही?’ असा प्रश्न केल्यास ती संज्ञा आपोआप उलगडते आणि हरभऱ्याचा त्या वर्षीचा भावही हिशेबात येतो.

याच्या उलट ‘वाफसा’ या शब्दाचे उदाहरण पाहावे. पावसानंतर जमिनीतील जादा पाणी निघून जाऊन ती पेरणीस वा मशागतीस योग्य होते, त्या अवस्थेचे हे नाव. हा शब्द शेतकऱ्यांकडून शास्त्राकडे गेला आणि कृषिग्रंथांत स्थिरावला. वाफसा आला की नाही, हे माती मुठीत घेऊन ठरवावे लागते. शब्दच ऐकणाऱ्यास जमिनीकडे पाठवितो. शेतीशाळेस अशा शब्दांची आवश्यकता आहे. हरभऱ्यात ज्वारीचे काही दाणे टाकून, वाढलेल्या ताटांवर कोतवाल, साळुंकी यांसारख्या पक्ष्यांना बसण्यास जागा करून देण्याच्या पद्धतीस ‘पक्षिथांबे’ हे नाव लाभले आहे. तेही याच जातीचे आहे; ते ऐकले की पक्षी थांबतो की नाही, हे पाहावेसे वाटते.

४

भिंतीबाहेरची शाळा महाराष्ट्रास नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरावरील पालापाचोळा व शेणखत पावसाने वाहून शेतांस कसे मिळत असे आणि जंगलखात्याच्या निर्बंधांनी तो क्रम कसा खंडित झाला, याचे विवेचन आहे. आजच्या भाषेत ज्यास परिसंस्थेचा विचार म्हणता येईल, तो येथे शेतकऱ्याच्या नित्याच्या अनुभवातून मांडलेला आहे. या ग्रंथातील भाग फुले यांनी ठिकठिकाणी लोकांस वाचून दाखविले, ही गोष्टही लक्षणीय आहे. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यात, कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. तीच ‘कुरणशाळा’ होय. मूल जेथे काम करते तेथे शिक्षकाने जावे, आणि समोर असलेली पाने, दगड व जनावरे यांतूनच धडा काढावा, हे तिचे सूत्र होते.

परंड्यास स्वतःचीही एक संवादपरंपरा आहे. एकोणिसाव्या शतकातील समर्थ संप्रदायी ग्रंथकार हंसराजस्वामी यांचे हे स्थान. समर्थांच्या ‘दासबोधा’ची रचना गुरुशिष्यसंवादाची आहे; श्रोता आशंका घेतो, वक्ता तिचे निरसन करतो, आणि निरसनाने संवाद पुढे सरकतो. मराठी श्रोत्याच्या मनात शिकविण्याचे जे चित्र खोल रुजले आहे, ते बहुशः हेच. शेतीशाळेत मात्र आशंका घेणाऱ्यास वक्ता उत्तर देत नाही, पिकाकडे परत पाठवितो. निरसन पीक करते. परंपरेच्या दृष्टीने हा मोठा पालट आहे. शिक्षकाने उत्तर न दिल्यास ‘यास काही येत नाही’ असे श्रोत्यास वाटणे स्वाभाविक आहे, आणि या भयानेच शिक्षक पुन्हा ‘करावी’कडे वळत असावा. त्याचा दोष केवळ वैयक्तिक मानता येत नाही.

५

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. सारेच ज्ञान पाहून मिळत नाही. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी परंड्याच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पोहोचली. येथील शेतकऱ्याच्या अनुभवात ती नव्हतीच. अशा वेळी नाव सांगणे, धोका सांगणे आणि त्वरित कृती सुचविणे हेच शिक्षकाचे कर्तव्य होय. ‘तुम्हांस काय वाटते?’ असे विचारीत बसणे म्हणजे जबाबदारी टाळणे. हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्याने पद्धतीची मर्यादा सिद्ध होते, व्यर्थता नव्हे. आणीबाणीतील आदेश हा अपवाद असावा. हंगामभराची भाषा आदेशाची होऊ नये, एवढेच येथे प्रतिपादन आहे.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. या शाळेचा विद्यार्थी कोण? खुरपणी, वेचणी, काढणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. पानामागील अंडी प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतात. सातबारा मात्र बहुधा पुरुषाच्या नावे असतो, आणि शेतकरी म्हणून निमंत्रण त्यासच जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे कार्य स्त्रियांना केंद्रस्थानी ठेवून वाढले. कुटुंबाच्या जमिनीतील सुमारे एक एकर स्त्रीने आपल्या निर्णयाने कसावा, त्यात घरास लागणारी विविध धान्ये, कडधान्ये व भाज्या घ्याव्यात, आणि शिकलेल्या स्त्रीने दुसरीस शिकवावे, अशी तिची पद्धती. २०१७ साली तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. येथे शिकविणारी व ऐकणारी दोघींची भाषा एकच आहे, आणि ‘मी हे केले, असे झाले’ हे तिचे स्वाभाविक वाक्य आहे. लोपलेला कर्ता त्या वाक्यात परत येतो.

शेतीशाळेतील शिक्षकाचे मूल्यमापन त्याने किती माहिती दिली यावरून न करता, त्याच्या बोलण्यानंतर किती शेतकरी पुन्हा पिकात वाकून पाहू लागले यावरून करावयास हवे. त्यासाठी त्यास कीटकशास्त्राइतकेच प्रश्न विचारण्याचे आणि ऐकण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. आणि ‘वाफसा’, ‘चिकटा’, ‘परवडणे’ यांसारखे शब्द त्याच्या परिभाषेत सन्मानाने आले पाहिजेत. अशा शब्दांचा परंडा, भूम, वाशी या भागांतील गावोगावचा संग्रह करणे हे भाषाविभागांचे कार्य आहे. हंगाम संपल्यावर शिक्षक निघून जातो. शेतकऱ्यास पुढील पेरणी एकट्यानेच करावयाची असते. त्या वेळी त्याच्याजवळ पाठ केलेले उत्तर आहे की स्वतः विचारलेला प्रश्न, यावरच शेतीशाळेचे यश ठरेल.