‘स्वेट’ : हरवलेले काम कोणाचे होते?

१

अमेरिकेतील औद्योगिक नगरांच्या ऱ्हासाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे लेखन झाले, त्याचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह इतिहासकारांचा व अर्थशास्त्रज्ञांचा होय. किती कारखाने बंद पडले, किती लोकांचे काम गेले आणि ते कोणत्या कारणांनी गेले, याचा तो हिशेब मांडतो. दुसरा प्रवाह ललित लेखकांचा. काम गेल्यावर माणसामाणसांतील नात्यांचे काय होते, हे तो दाखवू पाहतो. हे दोन प्रवाह क्वचितच एकमेकांस मिळतात. लिन नॉटेज यांचे ‘स्वेट’ हे नाटक या दोहोंच्या सीमेवर उभे असल्यामुळे त्याचा विचार दोन्ही अंगांनी होणे अगत्याचे आहे.

हे नाटक प्रथम २०१५ साली ऑरेगन शेक्सपिअर महोत्सवात रंगभूमीवर आले. २०१६ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये व २०१७ च्या मार्चमध्ये ब्रॉडवेवर सादर झाले. त्याच वर्षी त्यास नाट्यलेखनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नॉटेज यांना हे पारितोषिक यापूर्वी २००९ मध्ये ‘रूइन्ड’ या नाटकासाठी लाभले होते. ‘स्वेट’ ब्रॉडवेवर आले तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या निवडणूक-विजयास चार-पाच महिनेच झाले होते. साहजिकच त्या विजयाचे स्पष्टीकरण देणारे नाटक म्हणून त्याची ख्याती झाली. परंतु कालानुक्रम पाहता ही ख्याती उलट्या बाजूने आलेली आहे. नॉटेज यांनी २०११ पासून पेन्सिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग या गावी जाऊन तेथील लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि नाटक निवडणुकीपूर्वी वर्षभर रंगमंचावर आलेले होते. एका निवडणुकीचे भाष्य म्हणून त्याकडे पाहिले की त्यातील अधिक मूलगामी प्रश्न दृष्टीआड होतो. ज्या कामाच्या नाशाबद्दल हे नाटक शोक करते, ते काम मुळात कोणाचे होते, हा तो प्रश्न.

२

नाटकाचे कथानक २००० आणि २००८ या दोन वर्षांत विभागलेले आहे. ओल्स्टेड नावाच्या काल्पनिक पोलादी नळ्यांच्या कारखान्यात ट्रेसी, सिंथिया आणि जेसी या तीन मैत्रिणी वर्षानुवर्षे काम करीत आल्या आहेत. काम सुटले की एका मद्यगृहात त्या एकत्र जमतात. स्टॅन हा मद्यगृह सांभाळणारा गृहस्थही पूर्वी त्याच कारखान्यात होता. तेथील अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला. ट्रेसीचा मुलगा जेसन आणि सिंथियाचा मुलगा ख्रिस हे दोघेही आयांच्या मागोमाग कारखान्यात शिरले आहेत. ट्रेसी गोरी, सिंथिया कृष्णवर्णी. पर्यवेक्षकाची एक जागा निघते, दोघी अर्ज करतात आणि ती जागा सिंथियाला मिळते. येथून मैत्रीत पहिली फट पडते.

पुढे सुटीच्या दिवसांत कारखान्यातून काही यंत्रे हलविली जातात. व्यवस्थापन वेतनात मोठी कपात मागते, कामगार नकार देतात आणि टाळेबंदी होते. ज्या दारातून सिंथिया आपल्या मैत्रिणींसह आयुष्यभर आत गेली, त्याच दारावर त्यांना अडविण्याचे काम तिच्या वाट्यास येते. मद्यगृहात टेबले पुसणारा ऑस्कर हा कोलंबियन वंशाचा तरुण अधिक मजुरीसाठी टाळेबंदीच्या काळातच कारखान्यात हंगामी काम पत्करतो. त्याचा परिणाम म्हणजे जेसन व ख्रिस यांनी त्याच्यावर केलेला हल्ला. मध्ये पडलेल्या स्टॅनला बॅटचा घाव लागतो आणि तो कायमचा पंगू होतो. २००८ च्या प्रवेशांत तुरुंगातून सुटलेले हे दोन तरुण दिसतात. जेसनच्या चेहऱ्यावर वर्णद्वेषी चिन्हे गोंदलेली आहेत, तर ख्रिसने बायबलचा आश्रय केला आहे.

३

दोन तारखांची ही चौकट नाट्यदृष्ट्या परिणामकारक असली, तरी इतिहासदृष्ट्या ती फसवी आहे. २००० ते २०१० या दशकात अमेरिकेतील कारखानदारीतील नोकऱ्या सुमारे १ कोटी ७३ लाखांवरून सुमारे १ कोटी १५ लाखांपर्यंत उतरल्या, हे खरे. एवढी खोल घसरण त्यापूर्वीच्या दोन दशकांत झालेली नव्हती. तथापि या नोकऱ्यांचा उच्चांक १९७९ मध्येच, सुमारे १ कोटी ९५ लाखांवर, गाठला गेला होता; आणि जुन्या औद्योगिक नगरांचा ऱ्हास तर त्याहूनही बराच आधी सुरू झालेला होता. टॉमस सुग्रू यांनी डेट्रॉइटवरील आपल्या १९९६ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की १९४७ ते १९६३ या काळात, म्हणजे ज्यास अमेरिकन भरभराटीचे सुवर्णयुग म्हणतात त्या काळात, त्या नगराने कारखानदारीतील १ लाख ३४ हजार नोकऱ्या गमावल्या. तेव्हा मेक्सिकोशी व्यापार-करार नव्हता की चीनची स्पर्धा नव्हती. स्वयंचलित यंत्रे आली होती. आणि जुन्या नगरातील बळकट कामगार संघटनांपासून दूर, उपनगरांत व अन्य राज्यांत, भांडवल सरकत होते.

रेडिंगचा इतिहास याहून निराळा नाही. या नगराची लोकसंख्या १९३० मध्ये १,११,१७१ होती. २००० मध्ये ती ८१,२०७ वर आली. एकेकाळी रेडिंग ही रेल्वेची व मोज्यांच्या विणकामाची नगरी होती. जे. हेन्री स्टंप या समाजवादी पुढाऱ्यास १९२७ मध्ये या नगराने महापौरपदी निवडून दिले होते, यावरून तेथील कामगारवर्गाच्या राजकीय जाणिवेची कल्पना येते. शेजारच्या वायोमिसिंगमधील बर्कशायर निटिंग मिल्स ही अवाढव्य मोज्यांची गिरणी १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. पुढल्याच वर्षी तिच्या आवारात कारखान्याचा माल स्वस्तात विकणारे दुकान उघडले आणि कालांतराने विणकाम थांबून तेथे सवलतीच्या कपड्यांचा बाजार भरू लागला. नगराचे नाव धारण करणारी रेल्वे कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे ट्रेसी आणि तिच्या मैत्रिणी ज्या नगरात आपले काम चिरस्थायी मानतात, त्या नगराने एक मोठा उद्योग आणि एक रेल्वे त्यांच्या डोळ्यांदेखत गमावलेली होती.

नाटकात हा पूर्वेतिहास अगदीच नाही असे नाही. सिंथियाचा दुरावलेला पती ब्रूसी हा कापड-गिरणीतून टाळेबंदीने बाहेर पडलेला आणि व्यसनात बुडालेला आहे. उद्या सर्वांवर जे ओढवणार आहे, ते त्याच्यावर आजच ओढवलेले आहे. परंतु मद्यगृहातील मंडळींना तो एका माणसाचा अधःपात वाटतो. पहिल्या कारखान्याचे बंद होणे शेजाऱ्याचे दुर्दैव समजले गेले, म्हणूनच दुसऱ्या कारखान्याचे बंद होणे सर्वांना आकस्मिक वाटले. नाटकातील हे मर्म अचूक आहे. कारणमीमांसेच्या बाबतीत मात्र पात्रांच्या तोंडी १९९४ मध्ये अमलात आलेला उत्तर अमेरिकेचा व्यापार-करार येतो, आणि तोही नावसुद्धा धड ठाऊक नसलेली वस्तू म्हणून. ऑटर, डॉर्न व हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये १९९० ते २००७ या काळातील घटीपैकी सुमारे चौथा हिस्सा चिनी आयातीच्या स्पर्धेशी जोडला आहे. याचा अर्थ उरलेल्या घटीची कारणे अन्यत्र शोधावयास हवीत. मद्यगृहातील कामगारांनी ही चर्चा करावी अशी अपेक्षा अर्थातच अस्थानी ठरेल. कारण न कळणे हाच त्यांच्या अनुभवाचा गाभा आहे.

४

नाटकाचे खरे सामर्थ्य त्याच्या दुय्यम पात्रांत आहे. ट्रेसी आपल्या जर्मन आजोबांच्या हस्तकौशल्याची आठवण अभिमानाने सांगते, कारण हे नगर आपल्या पूर्वजांनी घडविले आहे व म्हणून त्यातील काम आपला वारसा आहे, अशी तिची धारणा आहे. परंतु तिच्यासमोर उभा असलेला ऑस्करही याच परगण्यात जन्मला आहे. त्याचे वडील अशाच एका कारखान्यात झाडलोट करीत. कायमच्या कामाची आस धरून ते पहाटे उठून जात राहिले. संघटनेने त्यांना सभासदत्व दिले नाही. ज्या संघटनेच्या नावाने ऑस्करला आता द्रोही ठरविले जाते, त्या संघटनेने त्याच्या बापासाठी दार कधी उघडलेच नव्हते. निष्ठा मागावयाची तर आधी आश्रय द्यावा लागतो, हा साधा न्याय त्या एका कहाणीतून पुढे येतो.

सिंथियाची बाजूही याच सूत्रात गोवलेली आहे. तिची बढती तिच्या वर्णामुळे झाली, असा संशय ट्रेसी पेरते. कारखाना चालू होता तोपर्यंत मैत्रीच्या आड जी उतरंड झाकली गेली होती, ती कारखाना डळमळताच उघडी पडते. सुग्रू यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष येथे स्मरणीय आहे. डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णी कामगारांना चांगल्या कामावर सर्वांत शेवटी घेतले गेले आणि काम घटू लागताच त्याची झळ त्यांना सर्वांत आधी लागली. सुग्रू यांनी नगराच्या पातळीवर जे सिद्ध केले, ते नॉटेज दोन मैत्रिणींच्या पातळीवर दाखवितात. यास्तव ‘स्वेट’ला केवळ गतवैभवाचे शोकनाट्य म्हणणे त्यावर अन्याय करणारे होईल. ते शोकाची चिकित्साही करते.

५

असे असूनही नाटकाची रचना त्याच्या या चिकित्सेस पुरती साथ देत नाही. प्रारंभीच दोन तरुण तुरुंगातून सुटलेले दिसतात, पण त्यांचा अपराध सांगितला जात नाही. प्रेक्षक त्या क्षणापासून ‘काय घडले?’ आणि ‘कोणावर घाव पडला?’ या प्रश्नांत गुंततो. रहस्याची ही ओढ इतकी प्रबळ होते की कारखान्याचे बंद होणे त्या घावाची पार्श्वभूमी बनून राहते. जो अपराध एका रात्री घडतो त्यास कर्ता आहे, साक्षीदार आहेत, शिक्षाही आहे. जो अपराध अनेक वर्षे चालतो त्यास नाटकात चेहरा नाही.

मालकाची ही अनुपस्थिती पूर्वीच्या औद्योगिक नाटकांशी ताडून पाहण्यासारखी आहे. गॉल्सवर्दी यांच्या १९०९ च्या ‘स्ट्राइफ’ नाटकात कंपनीचा अध्यक्ष अँथनी आणि कामगार-पुढारी रॉबर्ट्स हे प्रत्यक्ष समोरासमोर उभे ठाकतात. संघर्ष व्यवस्थापकाच्या घरातील बैठकीत येऊन पोहोचतो. क्लिफर्ड ओडेट्स यांच्या १९३५ च्या ‘वेटिंग फॉर लेफ्टी’मध्ये रंगमंच हे संघटनेचे सभागृह होते आणि प्रेक्षकच सभासद बनतात. ‘स्वेट’मध्ये ना ती बैठक उरली, ना ते सभागृह, उरले ते मद्यगृह. मालकाच्या दालनातून सभागृहात आणि सभागृहातून मद्यगृहात झालेले हे स्थलांतर म्हणजे एका शतकातील कामगारांच्या सामर्थ्याचा आलेखच होय. निर्णय घेणारा दृष्टीच्या टप्प्यात नसला की राग हाताशी असलेल्या माणसावर निघतो. त्या दृष्टीने मालकाची अनुपस्थिती सार्थ ठरते. परंतु सिंथियाच्या द्वारे व्यवस्थापनाची खोली निदान एकदा प्रत्यक्ष दाखविण्याची संधी नाटकाला होती. तेथील भाषा, तेथील हिशेब आणि तेथे बसलेल्या सिंथियाचे एकाकीपण यांचे केवळ कथन होते. ही उणीव गंभीर आहे, कारण तिच्यामुळे प्रेक्षकही पात्रांइतकाच अंधारात राहतो आणि त्यास ते अंधारात असणे स्वाभाविक वाटू लागते.

६

शेवटच्या प्रवेशात मद्यगृहाचा कारभार ऑस्करच्या हाती आहे. पंगू झालेला स्टॅन तेथेच वावरतो आणि ऑस्कर त्याची काळजी घेतो. जेसन व ख्रिस समोर येऊन उभे राहतात आणि क्षमायाचना शब्दांत येण्यापूर्वीच नाटक संपते. या शेवटात सामाजिक अन्यायाचा प्रश्न वैयक्तिक क्षमेत विरघळला, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र या दृश्याचा दुसराही अर्थ संभवतो. स्टॅनला प्रथम कारखान्याने जायबंदी केले आणि नंतर कारखान्याच्याच तरुण कामगारांनी. त्याच्या सेवेचे दायित्व ना कंपनीने उचलले ना संघटनेने. ज्याच्या बापाला संघटनेने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याने ते उचलले. ज्यास बंधुभावाच्या हक्कांत वाटा मिळाला नाही, त्याच्या वाट्यास त्या बंधुभावाचे कर्तव्य तेवढे आले. क्षमेच्या दृश्यापेक्षा हा निवाडा कठोर आहे.

जनगणनेचे आकडे या अर्थास पुष्टी देतात. २००० ते २०१० या दशकात रेडिंगची लोकसंख्या घटण्याऐवजी वाढून ८८,०८२ झाली, आणि तीत लॅटिन अमेरिकी वंशाच्या रहिवाशांचे प्रमाण निम्म्यावर गेले. याच सुमारास नगरातील ४१.३ टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीतून दिसून आले. ६५ हजारांवर वस्ती असलेल्या अमेरिकन नगरांत हे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणजे काम निघून गेले त्या वेळी नगर ओस पडले नाही. त्यात नवे लोक आले, आणि त्यांना वारसा मिळाला तो कामाविना उरलेल्या नगराचा. औद्योगिक ऱ्हासाचे बहुतेक साहित्य गेलेल्यांच्या आठवणीत रमते. ‘स्वेट’चे श्रेय हे की मालकाच्या खोलीचे दार त्यास उघडता आले नाही, तरी संघटनेच्या बंद दाराबाहेर कोण उभे होते हे ते विसरत नाही. हरवलेल्या कामाचा शोक करणाऱ्या पुढील प्रत्येक कृतीस या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.