वांझपणाचे दुःख आणि आपली समीक्षा

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील एका चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, "मूल होत नाही म्हणून दवाखान्याचे उंबरठे झिजवणारी बाई आपल्या साहित्यात का नाही?" व्यासपीठावरील ज्येष्ठ समीक्षकांनी तत्काळ उत्तर दिले : ते मध्यमवर्गीय दुःख आहे, आमच्या आयांपुढे झालेली पोरे जगवायची कशी हा प्रश्न होता. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. माझ्या शेजारी बसलेल्या प्राध्यापिका मात्र स्तब्ध होत्या. वय त्रेचाळीस. घराण्यातली पहिली पदवीधर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रक्त तपासायला जायचे होते, हे मला नंतर कळले. त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

समीक्षकांचे उत्तर अगदीच खोटे नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचताना बाळंतिणीची भूक अंगावर येते. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. अशा इतिहासातून आलेल्या साहित्याच्या केंद्रस्थानी आई असणे स्वाभाविक आहे. पुढे उर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये (२००३) स्त्रीचे शरीर, संसार आणि पुत्रशोक यांविषयी मोकळेपणाने लिहून ही वाट रुंद केली. परंतु जिला मूल झालेच नाही ती स्त्री आपल्या वस्तीत नव्हती काय? होती. तिला 'वांझोटी' म्हणत. तिच्याकडून कुणी ओटी भरून घेत नसे, बारशाला ती मागे उभी राही, कामाला निघताना ती आडवी आली की माणूस परत फिरे. माणसाच्या नुसत्या अस्तित्वाला अशुभ ठरवणारी ही दृष्टी विटाळाचीच सख्खी बहीण आहे. गावाने आपल्यावर लादलेला विटाळ आपण नाकारला. आपण आपल्या बायांवर लादलेला विटाळ मात्र नकाराच्या साहित्यातूनही सुटला.

आता 'मध्यमवर्गीय' या शब्दाकडे पाहू. या बाई चाळिशीत तपासणीला का गेल्या? शिष्यवृत्तीवर शिक्षण, वसतिगृह, नेट, मग तासिका तत्त्वावर राबण्यात गेलेली वर्षे, धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि लग्ने. स्वतःचे लग्न अडतिसाव्या वर्षी. वयाबरोबर स्त्रीची बीजांडे घटतात आणि उरलेल्यांत गुणसूत्रांचे दोष वाढतात. पहिल्या पिढीला घर उभे करायला किती वर्षे लागतात याच्याशी शरीराला कर्तव्य नसते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त घेतले, एएमएच पाहिले, सोनोग्राफीवर बीजकोशातल्या पुटिका मोजल्या. रंगद्रव्य सोडून नलिकांचे एक्स-रे काढले. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, ती सर्वांत शेवटी झाली. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचा दोष एकट्याने किंवा जोडीने असतो, तरी नाव बाईचे जाते. या बाबतीत शिकलेले घर आणि वस्ती यांत मला फरक दिसला नाही.

बाईंच्या दोन्ही नलिका बंद निघाल्या. डॉक्टरांनी विचारले, लहानपणी क्षय झाला होता काय? झाला होता. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहत होती आणि वडील खोकत होते. जननेंद्रियांचा क्षय हे आपल्या देशात नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण आहे. म्हणजे ज्या दुःखाला आम्ही मध्यमवर्गीय म्हणून टाळ्या वाजवल्या त्याचे मूळ त्या खोलीत होते. पगार वाढला, पत्ता बदलला, पण वस्ती शरीरात राहिली. हे दलित अनुभवविश्व नसेल तर दुसरे कोणते आहे?

शासनाचा हात या बाबतीत कसा चालतो हेही समीक्षेने पाहिले पाहिजे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे स्त्रीच्या आरोग्याचा आणि इच्छेचा विचार होता. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण गरिबाच्या कुशीकडे पाहण्याची दृष्टी त्यातून उघड झाली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफने मुलगी जन्मली. केईएम हे महापालिकेचे, गिरणगावातल्या गोरगरिबांचे रुग्णालय. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले तेच हे वर्ष. नंतर हे तंत्र मुख्यतः खाजगी दवाखान्यांत फोफावले आणि आज एका खेपेला लाखाच्या वर रक्कम मोजावी लागते. सरकारी दवाखान्यात नसबंदी फुकट होते, वर चार पैसेही मिळतात. मूल हवे असणाऱ्या बाईने मात्र कर्ज काढायचे.

बाईंनी कर्ज काढले. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शने घेतली. दोनच बीजांडे मिळाली, गर्भ रुजला नाही. मग दात्रीचे बीजांड घेण्याचा सल्ला मिळाला आणि समुपदेशिकेने सहज विचारले, "दात्री कोणत्या समाजाची चालेल?" लाहोरसाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह, रक्ताची सरमिसळ हाच जात मोडण्याचा खरा उपाय मानला होता. बाई ते वर्षानुवर्षे शिकवतात. प्रयोगशाळेत बीज आणि बीजांड यांना जात दिसत नाही. टेबलापलीकडच्या माणसाला मात्र ती आधी दिसते.

आणि ती दात्री कोण? २०२१ च्या कायद्यानुसार ती २३ ते ३५ वर्षांची असावी, आयुष्यात एकदाच बीजांडदान करावे, सातपेक्षा जास्त बीजांडे काढू नयेत. बीजांडांची विक्री गुन्हा आहे. पण कायद्याने गरज संपत नाही. बाई मला म्हणाल्या, "ती माझ्या मामेबहिणीसारखी कुणी असेल. तिची सुई मला टोचते." हे वाक्य ज्या आत्मकथनात येईल ते आत्मकथन आपल्याला हवे आहे. स्वतःची वेदना सांगताना आपल्याहून खालच्या पायरीवरची स्त्री नजरेआड न होणे हीच आपली बांधिलकी.

कुणी म्हणेल, सावित्रीबाईंना कुठे मूल होते? नव्हते. जोतीरावांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धुडकावला, दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो त्यांचा स्वतंत्र निर्णय होता. त्याचा आदेश करून दुसऱ्या स्त्रीच्या इच्छेवर ठेवता येणार नाही. दत्तक घेणे, उपचार करणे, मुलाविना आनंदाने जगणे, तिन्ही वाटा तिच्याच आहेत.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. माझे उत्तर असे : ही बाई आपल्यात आहे, तिने अजून लिहिलेले नाही, कारण तिचे दुःख पोटभरल्याचे आहे असे आपणच तिला ऐकवले. तिने लिहावे. पुढच्या वेळी मी ऐकून घेईन.