‘दहाड’ : बेपत्ता स्त्रियांची नोंदवही

मराठी वाचकाचे रहस्यकथेशी असलेले नाते पूर्वीपासूनच काहीसे चोरटे राहिले आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी पुढील पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. वाचनालयांतून त्यांची पुस्तके हातोहात फिरत, पाने सुटेपर्यंत वाचली जात. मात्र वाङ्मयचर्चेत त्यांची बैठक नेहमी ओसरीवरच राहिली. या उपेक्षेचे एक कारण असे सांगितले जाते की, खुनी कोण हे एकदा कळले की रहस्यकथा संपते. मग तिच्याकडे परत जावे असे तीत काही उरत नाही. या समजुतीची पुन्हा एकदा तपासणी करावी, असे वाटावयास लावणारी एक हिंदी मालिका अलीकडच्या काळात निर्माण झाली. तिचे नाव ‘दहाड’, म्हणजे डरकाळी.

रीमा कागती आणि झोया अख्तर यांची ही आठ भागांची मालिका १२ मे २०२३ रोजी ॲमेझॉन प्राईम व्हिडिओवर प्रदर्शित झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातही ती दाखविण्यात आली होती. कथा घडते राजस्थानातील मंडावा या गावी. अंजली भाटी ही तेथील पोलीस उपनिरीक्षक (सोनाक्षी सिन्हा). सार्वजनिक स्वच्छतागृहांतून एकेका तरुणीचे प्रेत सापडत असते आणि या मृत्यूंमागे एकच हात आहे, असा संशय अंजलीला येतो. तो हात कोणाचा, हे प्रेक्षकाला आरंभीच्या भागांतच उमगते. आनंद स्वर्णकार (विजय वर्मा) हा महिला महाविद्यालयात हिंदी शिकविणारा, घरी पत्नी व मूल असलेला, गावात मान असलेला गृहस्थ. म्हणजे रहस्यकथेचा जो प्राण समजला जातो, तो ‘कोण?’ हा प्रश्न येथे लेखकांनी आपणहून सोडून दिला आहे. त्याच्या जागी त्यांनी दुसरा प्रश्न ठेवला आहे : इतक्या स्त्रिया नाहीशा होत असताना कोणालाच ते दिसले कसे नाही?

या प्रश्नाचे उत्तर मालिका ज्या चिकाटीने शोधते, त्यात तिचे खरे मोल आहे. कृष्णा नावाच्या एका गरीब, मागास जातीच्या मुलीचा भाऊ तक्रार घेऊन ठाण्यात येतो, तेव्हा त्याची दखल घ्यावी असे कोणास वाटत नाही. त्याच सुमारास एका ठाकुराची मुलगी मुसलमान मुलाबरोबर निघून जाते आणि सारी यंत्रणा धावू लागते. हे पाहून तो भाऊही आपल्या बहिणीला मुसलमानानेच पळविले, असे खोटेच सांगतो आणि मग त्याच्या कागदाला पाय फुटतात. बहीण हरवली, ही तक्रार पुरेशी नव्हती. तिला धर्माच्या भांडणाची जोड मिळाल्यावर ती पुरेशी झाली. हा प्रसंग लेखकांनी कोणतीही टिप्पणी न करता पुढे नेला आहे. मालिकेतील सर्वांत जळजळीत भाग मला तोच वाटतो.

ज्यांनी शासकीय सेवेत आयुष्य घालविले आहे त्यांना पुढील तपशील विशेष जाणवतील. मुलगी एका जिल्ह्यातील आणि प्रेत दुसऱ्या जिल्ह्यात. एका ठाण्यात ‘बेपत्ता’ अशी नोंद, तीही झालीच तर. दुसऱ्या ठाण्यात ‘अनोळखी स्त्री, अकस्मात मृत्यू’ अशी नोंद. दार आतून बंद, अंगावर जखम नाही, पोटात विष. तेव्हा शेरा आत्महत्येचा. दोन्ही नोंदी आपापल्या जागी नियमास धरून आहेत. त्या एकमेकींसमोर ठेवण्याचे काम मात्र कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही. अंजली आणि तिचे सहकारी नेमके तेच करतात. बेपत्ता स्त्रियांचे छायाचित्र आणि बेवारस प्रेताचे छायाचित्र ते शेजारी शेजारी लावतात. एकीच्या फोनच्या नोंदींतून दुसरीचे नाव निघते, दुसरीच्या नोंदींतून तिसरीचे. पाठलाग, गोळीबार यांपेक्षा जुन्या फायली उघडण्याच्या या दृश्यांनीच मन अधिक गुंतते.

हे सारे कल्पनेतून आलेले नाही. कर्नाटकच्या किनारपट्टीवरील मोहनकुमार या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाच्या प्रकरणाशी मालिकेचे साम्य उघड आहे. लग्नाचे, तेही हुंड्याविना लग्नाचे, आमिष दाखवून तो गरीब घरच्या तरुणींना परगावी नेई. दुसऱ्या दिवशी दागिने लॉजच्या खोलीत ठेवावयास सांगून बसस्थानकावर आणी आणि गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाईड हाती देई. ‘मळमळेल, तेव्हा स्वच्छतागृहात जाऊन घे,’ असा सल्ला असे. दाराची कडी मरणारी स्त्री स्वतःच आतून लावी. बंटवाळ तालुक्यातील एका मुलीच्या बेपत्ता होण्यावरून २००९ मध्ये गावात धार्मिक तणाव निर्माण झाला, त्या दडपणाखाली तपासाला वेग आला आणि फोनच्या नोंदींनी एकीकडून दुसरीकडे नेत ऑक्टोबरमध्ये त्याच्यापर्यंत पोहोचविले. वीस स्त्रियांच्या हत्येचे आरोप त्याच्यावर होते. डिसेंबर २०१३ मध्ये मंगळुरूच्या न्यायालयाने त्यास प्रथम दोषी ठरविले.

२००९ च्याच एप्रिलमध्ये आपल्या गोव्यात काय उघडकीस आले, हे येथील वाचकांस सांगावयास नको. शिरोड्याचा रिक्षाचालक महानंद नाईक याला अटक झाली आणि १९९४ पासूनच्या सोळा खुनांचे आरोप त्याच्यावर आले. पद्धत वेगळी, दुपट्ट्याने गळा आवळण्याची. परंतु जाळे तेच. लग्नाचे वय उलटत चाललेली सामान्य घरची मुलगी, लग्नाचे वचन, आणि भेटीस येताना अंगावर घातलेले सोने. पंधरा वर्षे! आपला प्रदेश केवढा, एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकास पोहोचावयास संध्याकाळही लागत नाही. तरीही या मुली एकेक करून नाहीशा झाल्या आणि कोणाची तरी सोबत धरून गेली असेल, असे मानले गेले. पुढे काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, काहींत पुराव्याअभावी तो सुटला. वर्षे लोटल्यावर पुरावा तरी कोठून मिळणार?

दोन राज्यांतील, एकमेकांस अनोळखी अशा दोन माणसांना एकच युक्ती सुचावी, याचा अर्थ ती युक्ती त्यांची नव्हती. ती त्यांना तयारच मिळाली होती. मुलीचे लग्न ठरत नाही ही घरची चिंता, हुंडा देण्याची ऐपत नाही ही विवंचना, आणि मुलगी निघून गेली तर ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून गप्प बसण्याची आपली रीत. ठाण्यात जावे तर चार लोकांत बभ्रा होतो. त्यापेक्षा ‘ती आम्हांला मेली’ असे म्हणणे सोपे. ती खरोखरच मेलेली आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसते. ‘दहाड’मध्ये पोलीस जेव्हा या घरांची दारे ठोठावतात, तेव्हा आईबापांच्या चेहऱ्यावर प्रथम भीती नसते, लाज असते. खुन्याचा भरवसा सायनाईडपेक्षा या लाजेवर अधिक होता.

आता नायिकेविषयी. स्त्री तपास-अधिकाऱ्याच्या कथांत ‘प्राइम सस्पेक्ट’ या इंग्रजी मालिकेचे नाव मानाने घेतले जाते. लिंडा ला प्लांट यांनी लिहिलेली ही मालिका १९९१ मध्ये इंग्लंडात दाखविली गेली. हेलन मिरेन यांनी रंगविलेली जेन टेनिसन ही अधिकारी, पुरुष सहकाऱ्याच्या आकस्मिक निधनानंतर त्याचा तपास हट्टाने मागून घेते. हाताखालचे लोक तिला जुमानत नाहीत. पण तिचे पहिले यश कोणते? मृत स्त्रीची ओळखच चुकीची लावली गेली आहे, हे ती दाखवून देते. आधीच्या अधिकाऱ्याला एक नाव सोयीचे होते; टेनिसन प्रेताला त्याचे खरे नाव परत देते. अंजली भाटीचे कामही तेच आहे. मात्र टेनिसनसमोर स्त्रीत्वाची एकच भिंत होती, अंजलीसमोर जातीची दुसरी आहे. ठाण्यातला एक सहकारी ती जवळून गेली की उदबत्ती ओवाळतो. ठाकुराच्या वाड्यात तिला उंबऱ्यावर अडविले जाते, तेव्हा ती कायद्याचा दाखला देऊन आत पाऊल टाकते. आणि घरी आई स्थळांची छायाचित्रे घेऊन बसलेली! एका प्रसंगी अंजली त्या छायाचित्रांना उत्तर म्हणून मृत मुलींची छायाचित्रे आईपुढे टाकते. या मुलींनाही लग्नाचीच घाई करण्यात आली होती, एवढेच तिला म्हणावयाचे असते. बेपत्ता मुली अंजलीलाच का दिसतात, याचे उत्तर या एका दृश्यात आहे. ती त्यांच्यातीलच एक आहे. दैवयोगाने अंगावर वर्दी आली म्हणून वाचली.

साहित्यसंस्थेच्या वाचकांनी थांबून विचार करावा अशी आणखी एक गोष्ट येथे आहे. आनंद स्वर्णकार हा केवळ शिक्षक नाही. सुट्टीच्या दिवशी तो गाडीत पुस्तके भरून खेडोपाडी नेतो. फिरते वाचनालय चालविणारा सज्जन! मृदू बोलणे, पुस्तकांवरील प्रेम, मुलींनी शिकावे अशी कळकळ. वाचणारा मनुष्य चांगलाच असतो, हा आपला सर्वांचा आवडता विश्वास; आपल्या संस्था त्याच विश्वासावर उभ्या आहेत. त्या विश्वासाचा हा मनुष्य बुरखा करतो. २०१३ च्या ‘द फॉल’ या बेलफास्टमधील मालिकेतही खुनी कोण ते प्रारंभीच दाखविले जाते, आणि तो व्यवसायाने शोकग्रस्तांचे सांत्वन करणारा समुपदेशक असतो. दोन्ही ठिकाणी इशारा एकच : ज्याच्याशी बोलावेसे वाटते, अशा माणसाचेच सोंग घेतले जाते. मात्र ‘दहाड’ त्यापुढे जाऊन विचारते की, या मुलींशी गोड शब्दांत बोलणारा दुसरा कोणी त्यांच्या आयुष्यात होता काय? घरात जिच्या वाट्यास केवळ ओझे म्हणून वागणूक आली, तिला पहिल्यांदा कोणी ‘तू हुशार आहेस’ म्हणाले, तर ती विश्वास ठेवील. यात तिचा भाबडेपणा किती आणि आपली कृपणता किती?

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आठ भागांचा विस्तार कथेला पेलवत नाही; मधल्या भागांत पोलीस आणि खुनी यांचा लपंडाव पुनरुक्त होतो. राजस्थानी बोलीचा बाज सर्वांनाच सारखा साधलेला नाही. आनंदच्या बालपणात त्याच्या क्रौर्याचे मूळ दाखविण्याचा प्रयत्न घाईचा आहे आणि अनावश्यकही. कारण समाजाचा दोष इतक्या परिश्रमाने सिद्ध केल्यावर शेवटी त्याचे खापर एका बिघडलेल्या घरावर फुटते. पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. या स्त्रियांकडे कोणी पाहिले नाही, असे जी मालिका म्हणते, तीही त्यांच्याकडे पुरेसे पाहत नाही. खुन्याचे घर, त्याची पत्नी, त्याचा बाप यांच्यासाठी जेवढा अवधी आहे, त्याच्या चौथाईनेही तो मृत मुलींसाठी नाही. एकदोघींचा अपवाद सोडता त्या फलकावरील छायाचित्रेच राहतात. त्यांना काय आवडे, त्या कशाला हसत, लग्नाचे ते खोटे वचन ऐकून त्या रात्री त्यांना झोप लागली का, हे आपणांस कळत नाही. खुनी नेहमीच अधिक रंजक वाटतो, हा या साहित्यप्रकाराचा जुना रोग आहे आणि स्त्रियांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या या कृतीलाही त्यातून पुरते सुटता आलेले नाही.

असे असूनही ही मालिका मनात राहते, ती तिच्या शेवटामुळे. अंजलीच्या वडिलांनी मुलीला त्रास होऊ नये म्हणून ‘मेघवाल’ हे आपले आडनाव बदलून ‘भाटी’ लाविले होते. जात ओळखू येऊ नये, एवढाच हेतू. त्यात वडिलांची माया होती आणि पराभवही. तपास संपल्यावर अंजली आपले मूळ आडनाव परत लावण्यासाठी अर्ज करते. सरकारी कचेरीच्या दृष्टीने हे किरकोळ काम : एक अर्ज, एक शिक्का, एक जावक क्रमांक. परंतु ज्या स्त्रीने इतके दिवस ‘अनोळखी’ या शब्दापुढे एकेक खरे नाव लिहिले, तिला स्वतःचे नाव खोडलेले ठेवणे शक्य नव्हते.

खुनी कोण हे पहिल्या बैठकीत कळूनही मी आठही भाग पाहिले. तेव्हा रहस्यकथेला ओसरीवरून आत बोलवावे की नाही, हा वाद जाणकारांनी घालावा. मंगळुरू आणि शिरोडा येथे जे घडले, त्याविषयी आपल्या प्रतिष्ठित वाङ्मयाने आजवर कितीसे लिहिले, हेही त्या वादात एकदा विचारले जावे.