‘छान होतं’च्या पुढे

मराठी प्रेक्षकाचे मत आज दोन ठिकाणी उमटते. एक दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यात आणि दुसरे घरात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत उच्चारल्या जाणाऱ्या दोनचार शब्दांत: छान होतं, रटाळ झालं, आता फार ताणायला लागलेत. यांतल्या आकड्यावर मालिकांचे आयुष्य ठरते, म्हणून तो कसा निघतो ते आधी पाहिले पाहिजे. बार्क या संस्थेची यंत्रे देशभरातल्या 50 हजारांहून अधिक घरांत बसवलेली आहेत आणि त्यांवरून 20 कोटींहून अधिक टीव्हीधारक घरांचा अंदाज बांधला जातो. वाहिनीच्या ध्वनीत कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखते. घरातला जो माणूस पाहत असेल त्याने आपल्या नावाचे बटण दाबायचे असते. म्हणजे संच कोणत्या वाहिनीवर होता आणि समोर कोण होते, एवढेच यंत्राला कळते. समोरच्या बाईचे डोळे भरून आले होते, ती संतापली होती, की मेथी निवडत नुसती ऐकत होती, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आकडा उपस्थिती मोजतो आणि विशेषण मनःस्थिती सांगते. समोर दिसले ते कसे घडवले होते आणि तसे का घडवले होते, या प्रश्नाला दोन्हींत जागा नाही. मराठी पडद्याच्या आजच्या अवस्थेचे एक मोठे कारण मला इथे दिसते. आपण विषयावर मत देतो, कथेवर देतो. घडणीवर देत नाही. आणि ज्यावर कोणी मत देत नाही, ते सुधारण्याची निकड कोणालाच राहत नाही.

चित्रपटांच्या बाबतीत ही सवय गेल्या वीस वर्षांत पक्की झाली. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी, 2004 मध्ये, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने राष्ट्रीय पुरस्कारांतले सर्वोच्च पारितोषिक मराठीत आणले. तिथून ‘मराठीत वेगळे विषय येतात’ हे वाक्य आपल्या अभिमानाचे झाले. ते खोटे नाही. पण त्याने आपल्या परीक्षणांना एक साचा दिला: दोन परिच्छेद कथेचे, एक विषयाच्या महत्त्वाचा, आणि शेवटी छायाचित्रण उत्तम, संगीत साजेसे, अभिनय दमदार. ‘श्वास’मधला आजोबा डोळ्यांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी नातवाला इस्पितळातून बाहेर नेतो, डोळे जाण्यापूर्वी त्याला जग पाहून घेऊ देतो. कर्करोग हा विषय एखाद्या माहितीपटातही आला असता. ‘श्वास’चा चित्रपट होतो तो या फेरफटक्यात, कारण इथे प्रेक्षकालाही प्रत्येक गोष्ट शेवटची म्हणून पाहावी लागते. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’चेही तेच. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमावर मराठीत शेकडो प्रसंग लिहिले गेले आहेत, विषय नवा नाहीच. नवे आहे ते हे, की सुरुवातीलाच मुलगा मान खाली घालून बसलेला असतो आणि बायका त्याला प्रश्न विचारत असतात. मग खरे कार्यक्रम सुरू होतात आणि नाव, शिक्षण, उंची हेच प्रश्न पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतात. त्या पुनरावृत्तीचा कंटाळा प्रेक्षकाच्या अंगावर येतो, तेव्हा नायिका सविताचा अपमान त्याला समजावून सांगावा लागत नाही. ‘स्त्रियांच्या प्रश्नावरचा चांगला चित्रपट’ एवढेच बोलून थांबणारा माणूस या कामगिरीला दादच देत नाही.

मालिकांच्या बाबतीत तर विषयाने मोजण्याची पद्धत किती अपुरी आहे, हे सिद्ध करायला एक उदाहरण पुरेसे आहे. स्टार जलसावरच्या ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची कथा 2019 च्या डिसेंबरात मराठीत ‘आई कुठे काय करते’ म्हणून आली आणि पुढच्या वर्षी हिंदीत ‘अनुपमा’ म्हणून. घरासाठी राबलेली बाई, दुसरीकडे गुंतलेला नवरा, मुलांचा तुटकपणा आणि तिचे स्वतःच्या पायावर उभे राहणे: तिन्हींचा सांगाडा एकच. विषयावरच किंमत ठरायची असती, तर तिन्ही सारख्या ठरल्या असत्या. पण मराठी प्रेक्षकाला नायिका अरुंधती आपली वाटली ती मधुराणी प्रभुलकर यांच्या संयत बोलण्याने, वाक्य अर्ध्यावर सोडून देण्याने, गाण्याने. हा निवाडा लाखो घरांनी मनात केला आणि तो घडणीवरचाच निवाडा होता. फक्त तो शब्दांत उतरला नाही. म्हणून जवळपास पाच वर्षे चाललेल्या या मालिकेत घडण कधी सैल झाली, अरुंधतीच्या तोंडी संवादांऐवजी भाषणे कधी आली, यावर चर्चा झाली ती ‘आता संपवा’ एवढ्यावरच.

मालिकेचे मूल्यमापन करायचे तर एकक भाग हेच हवे. शेकडो भागांच्या मालिकेवर एकगठ्ठा मत देणे म्हणजे वर्षभराच्या जेवणाला एक गुण देण्यासारखे आहे. जाहिराती वगळता बावीसेक मिनिटांचा भाग ही एक पूर्ण रचना असते आणि ती तपासता येते. कालच्या भागात नवे काय कळले? प्रसंगात कोणाला काय हवे होते आणि ते मिळण्याच्या आड काय आले? एक वाक्य उच्चारल्यावर खोलीतल्या सहा जणांचे चेहरे वाद्यांच्या ठोक्यावर एकेक करून दाखवले, तेव्हा त्या सहांपैकी किती जणांच्या मनात खरेच काही बदलले? सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पात्रे एकमेकांना पुन्हा सांगत असतील, तर तो संवाद मध्येच आलेल्या प्रेक्षकासाठी लिहिलेला आहे आणि नियमित पाहणाऱ्याचा त्यात अवमान आहे. हे प्रश्न विचारायला चित्रपटशास्त्र शिकावे लागत नाही. किराणा दुकानात वजनाकडे लक्ष ठेवणारी नजर इथेही चालते.

घडणीवर मत द्यायचे तर सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर मराठवाड्याच्या प्रेक्षकापाशी आहे असे मला वाटते: कानापासून. गेल्या दशकात छोट्या पडद्याने बोलीभाषांना बरीच जागा दिली. ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूर, ‘लागिरं झालं जी’ने सातारा, ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी, ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकाने नागपूरकडची बोली घरोघर पोचवली. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र बहुतेक विनोदच आला. मकरंद अनासपुरे यांनी इथला लहेजा संकोच न बाळगता मुख्य भूमिकेत नेला, ही मोठी गोष्ट होती. पण पुढे धंद्याने तो लहेजा हशाचे साधन म्हणूनच वापरला. लातूर, परभणी, नांदेडकडचे ‘काय करायलास’, ‘मी जायलो’, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांतली दखनी आणि तिच्याशेजारी घडलेली मराठी यांत माणसे रडतात, प्रेम करतात, जमिनीच्या वाटण्या करतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्याचे थर इथल्या रोजच्या बोलण्यात अजून सापडतात. पडद्यावर ते क्वचितच ऐकू येतात. इथल्या प्रेक्षकाला खोटा उच्चार पहिल्या वाक्यात कळतो. तो हसून सोडून देतो, ही त्याची चूक आहे. तिथेच थांबून बोलायला हवे.

बोलीचा आग्रह म्हणजे केवळ शुद्धतेचा हट्ट, असे यावर कोणी म्हणेल. बोली अचूक असूनही प्रसंग निर्जीव असू शकतो, हे मान्य. पण बोलीने काय काय साधता येते, हे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने 2016 मध्ये दाखवून दिले. गावात नायिका आर्चीची भाषा हुकमाची आहे. ती पाटलाची मुलगी आहे हे तिच्या क्रियापदांतून कळते. वर्गात, विहिरीवर, ट्रॅक्टरवर तिचा प्रत्येक शब्द मालकीने येतो. मध्यंतरानंतर ती हैदराबादला येते आणि भोवती तेलुगू सुरू होते. तिला बोलताही येत नाही, समजतही नाही. तिचे घर, जात, पैसा जितका गेला तितकीच तिची भाषाही गेली, आणि ही हानी कोणत्याही पात्राच्या तोंडी न घालता दिग्दर्शकाने ऐकवली. शेवटी तर चित्रपट आवाजच काढून घेतो: लहान मूल दाराबाहेर चालत जाते, मागे रक्ताळलेली पावले उमटतात आणि चित्रपटगृहात काहीही ऐकू येत नाही. ज्याच्या गाण्यांवर महाराष्ट्र नाचला, त्याच चित्रपटाने केलेली ही निवड आहे. ‘सैराट’वर जातीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. तरी मला वाटते, जातीबद्दल तो जे सांगतो ते तो अशा निवडींतूनच सांगतो. त्या बाजूला ठेवून केलेली चर्चा अर्धी राहते.

आता आक्षेपांकडे. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी विरंगुळ्यासाठी लावलेल्या मालिकेची चिकित्सा करावी हा अन्याय आहे, असे म्हटले जाते. पण त्याच माणसाच्या विरंगुळ्याचा वेळ विकून वाहिनी जाहिराती मिळवते. त्या वेळेची प्रत पाहणे हा त्याचा हक्क आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दैनंदिन मालिकेत साधारण रोज एक भाग उभा करावा लागतो, लेखकाच्या हाती पुरेसा अवधी नसतो, कलावंत बारा-बारा तास उभे असतात. अशांच्या कामाला चित्रपटाची कसोटी लावू नये. कसोटी तीच लावू नये हे खरे. पण जाणकार प्रेक्षक त्या परिस्थितीत केलेली चांगली निवड ओळखू शकतो आणि ती ओळखल्याने काम करणाऱ्यांचेच बळ वाढते. शिवाय वेगळे करता येत नाही, हेही सिद्ध झालेले नाही. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 च्या वर्षातच सुरू होऊन संपली, सतीश राजवाडे यांनी ‘असंभव’ आणि ‘अग्निहोत्र’ रहस्याच्या धाग्यावर बांधल्या, आणि लोकांनी त्या मनापासून पाहिल्या. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली हा एक मार्ग असला, तरी एकमेव नव्हता. उरला प्रश्न आवडीनिवडीचा. आवड ज्याची त्याची असते, कारणे मात्र दुसऱ्याला दाखवता येतात. ‘मला तो प्रसंग पटला नाही’ यावर वाद घालता येत नाही. ‘तो प्रसंग पटला नाही, कारण कालपर्यंत न बोलणारा बाप आज अचानक सगळे समजावून सांगतो’ यावर घालता येतो.

छत्रपती संभाजीनगर या शहरात असा वाद घालायला जागा आहे. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने 2025 मध्ये आपली दहावी आवृत्ती पूर्ण केली. जानेवारीतले पाच दिवस जगभरचे चित्रपट, दिग्दर्शकांशी प्रश्नोत्तरे आणि स्पर्धेतल्या भारतीय चित्रपटासाठी सुवर्ण कैलास पारितोषिक: पुण्या-मुंबईबाहेर एवढा उपक्रम टिकवणे सोपे नाही. जिगीषा ही नाट्यसंस्था याच शहरात जन्मली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांचे नाटक इथल्या चर्चांतून घडले. मराठवाड्यातल्याच नांदेडला राहून विजय पाडळकर यांनी जागतिक चित्रपटांवर सातत्याने मराठीत पुस्तके लिहिली, म्हणजे समीक्षेला महानगर लागते ही समजूतही खोटी ठरलेली आहे. तरीही महोत्सवातले प्रश्न बहुधा ‘हा विषय कसा सुचला?’ यावरच येऊन थांबतात, आणि दूरचित्रवाणी तर या चर्चेच्या उंबऱ्याबाहेरच राहते. 2025 चा पद्मपाणी सन्मान सई परांजपे यांना मिळाला. त्यांच्या कारकिर्दीतली कितीतरी वर्षे दिल्ली दूरदर्शनवर गेली. ‘स्पर्श’ आणि ‘कथा’ करणारा हात छोट्या पडद्यावरही घडत होता. ज्या माध्यमात असे लोक काम करून गेले, त्याला चर्चेच्या लायकीचे न मानणे मला चुकीचे वाटते.

शेवटी घरचेच उदाहरण घेऊ. आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ हा चित्रपट नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची गोष्ट सांगतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार 2019 मध्ये जाहीर झाला आणि तो चित्रपटगृहात आला 2024 च्या ऑक्टोबरात. मराठवाड्याच्या माणसाने तो पाहावा आणि ‘आपला विषय आहे’ याने सुखावून थांबू नये. यातले बोलणे नांदेडचे आहे का, कोरड्या विहिरीकडे कॅमेरा किती वेळ पाहतो, नायकाची अडचण आपल्याला दिसते की नुसती सांगितली जाते, हे त्याने शेजारच्याला विचारावे. माझी विनंती इथल्या दैनिकांनाही आहे: चित्रपटांच्या परीक्षणाशेजारी आठवड्यातून एकदा, मालिकेच्या एकाच भागावर, वाचकांपैकीच कोणीतरी कारणांसह लिहिलेले पाचशे शब्द छापा. पहिला मजकूर मराठवाड्याच्या बोलीत आला, तर त्यातला एकही शब्द बदलू नका.