‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मधील बकचे रूपांतर : आदिम हाक की सक्तीचे शिक्षण?

प्रस्तावना :

जॅक लंडन (१८७६-१९१६) या अमेरिकन लेखकाची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरिका १९०३ मध्ये प्रथम ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकातून क्रमशः आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाच्या घरी सुखात वाढलेला बक हा कुत्रा चोरून विकला जातो, उत्तरेकडील युकॉनच्या हिमप्रदेशात बर्फगाडीला जुंपला जातो आणि शेवटी लांडग्यांच्या कळपात सामील होतो, हे तिचे कथासूत्र. बकच्या रूपाने पाळीव प्राण्यातील सुप्त आदिम प्रेरणा जागी होते, असा तिचा अर्थ सामान्यतः लावला जातो. हा अर्थ कादंबरीच्या संहितेवर कितपत टिकतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. जळगाव-धुळे परिसरातील वाचकाला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा परिचित असतो. कादंबरीतील उणे साठ अंश फॅरनहाइटची थंडी त्याच्या अनुभवाबाहेरची असते. तथापि जनावर, कष्ट आणि रान यांचे नाते त्याला अपरिचित नाही. त्या नात्याच्या आधारे या कृतीची चिकित्सा करता येते.

पार्श्वभूमी :

१८९७ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्याची वार्ता पसरली आणि हजारो माणसे उत्तरेकडे धावली. त्यांत एकवीस वर्षांचा लंडनही होता. १८९७-९८ चा हिवाळा त्याने तेथे काढला. सोने हाती लागले नाही आणि स्कर्व्ही या व्याधीने तो परतला. डॉसन येथे बाँड बंधूंच्या कुत्र्याशी त्याचा परिचय झाला. तोच बकचा मूळ आदर्श होय. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा लंडनवर प्रभाव होता. त्याचबरोबर तो समाजवादी चळवळीतही होता. या दोन निष्ठांमधील ताण लक्षात घेतल्याशिवाय कादंबरीचे मर्म हाती येत नाही.

विवेचन :

निवेदक वारंवार सांगतो की बकच्या रक्तात पूर्वजांची स्मृती जागी झाली. प्रत्यक्ष प्रसंग मात्र वेगळे काही दाखवितात. लाल स्वेटर घातलेला माणूस दंडुक्याने बकला पहिला धडा देतो. बर्फात झोपावे कसे, हे बकला रक्तातून उमगत नाही. बिली नावाचा कुत्रा बर्फाखाली वेटोळे करून पडलेला पाहून तो ते शिकतो. अन्न चोरणेही तो पाइककडे पाहून शिकतो आणि दुसऱ्याच दिवशी गुरूवर मात करतो. कर्ली या मनमिळाऊ कुत्रीचा कळपाने घेतलेला बळी पाहून, खाली पडणाऱ्याला येथे क्षमा नाही, हे त्याला कळते. म्हणजेच कादंबरी ज्याला ‘हाक’ म्हणते, ते तिच्याच प्रसंगांत निरीक्षण, अनुकरण आणि मार यांतून घडणारे शिक्षण आहे. एका प्राण्याने आयुष्यात मिळविलेला अनुभव स्मृतिरूपाने पुढील पिढ्यांत उतरतो, ही कल्पना आजचे जीवशास्त्र मान्य करीत नाही. त्यामुळे निवेदकाचे विधान कालबाह्य ठरते. प्रसंगचित्रण मात्र आजही विश्वसनीय वाटते. लेखकाच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याचे निरीक्षण अधिक टिकाऊ निघाले, असेच म्हणावे लागेल.

याहून सूचक बाब म्हणजे बकला शेकोटीजवळ दिसणारे आदिमानवाचे दृश्य. ज्या आदिम काळात तो परततो असे सांगितले जाते, त्या काळातही विस्तव आहे आणि विस्तवाजवळ माणूस आहे. कुत्र्याचा प्राचीन इतिहास माणसापासून वेगळा काढता येत नाही, याची ही नकळत दिलेली कबुलीच होय.

कष्टाचे चित्रण हा या कृतीचा सर्वांत समर्थ भाग आहे. डेव्ह हा आजारी कुत्रा मरणाच्या दारात असतानाही आपली जागा सोडावयास तयार नाही. त्याला पट्ट्यांतून मोकळे केले तर तो आपल्या जागी आलेल्या कुत्र्याचे पट्टे चावून तोडतो. अखेर त्याला पुन्हा जुंपतात आणि दुसऱ्या दिवशी मागे राहिलेल्या डेव्हसाठी बंदुकीचा एकच बार ऐकू येतो. येथे खानदेशी वाचकाला बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कवितेची आठवण होणे स्वाभाविक आहे. आसोद्याच्या या कवयित्रीच्या काव्यविश्वात बैल हा शेतकऱ्याच्या कष्टातील सोबती आहे. त्याचे ऋण फेडण्यासाठी पोळ्याचा एक दिवस राखलेला आहे. डेव्हच्या वाट्याला पोळा नाही. सोन्यासाठी धावणाऱ्या व्यवस्थेत जनावर हे केवळ वाहतुकीचे साधन असते, हे लंडनमधील समाजवादी येथे दाखवून देतो. मात्र त्याच्यातील स्पेन्सरवादी लगेच त्याला निसर्गनियम म्हणून मोकळा होतो. दंडुका माणसाच्या हातात आहे, निसर्गाच्या नव्हे, हा भेद कादंबरी पुरेसा पाळत नाही.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. शेवटच्या प्रकरणात ‘यीहॅट’ ही कल्पित आदिवासी जमात अवतरते, बकचा प्रिय धनी जॉन थॉर्नटन याला ठार करते आणि बककडून मारली जाते. या माणसांना चेहरा नाही, भाषा नाही, बाजू नाही. ज्या भूमीला कादंबरी निर्जन ‘रान’ मानते, ती कोणाची तरी वस्तीची भूमी होती आणि सोने शोधणारे तेथे आगंतुक होते, हा विचार संहितेत येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाने हे मौन ओळखले पाहिजे. १८१८ नंतर खानदेशात कंपनी सरकारचा अंमल आला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या लेखनातही रानातील माणूस हा ‘वळण लावण्याचा’ विषय होता. भिल्ल, पावरा यांच्यासाठी सातपुडा हे घर आहे. तेथे ‘रानाची हाक’ ऐकण्यासाठी माणसांना वगळावे लागत नाही. साक्री परिसरातील ठेलारी मेंढपाळांचा कुत्राही वस्ती आणि रान यांच्या सीमेवरच जगतो. रात्री कळप राखताना तो जितका उग्र, तितकाच दिवसा वाड्यावर सौम्य असतो. पाळीव आणि रानटी या दोन अवस्थांपैकी एकीची निवड करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

लंडनलाही ही निवड पूर्णपणे करता आलेली नाही. लांडग्यांचा म्होरक्या झालेला बक दरवर्षी थॉर्नटनच्या मृत्यूच्या दरीत परत येतो. १९०६ च्या ‘व्हाइट फँग’मध्ये तर लेखकाने उलटा प्रवास रंगविला; तेथे रानात जन्मलेला लांडगा-कुत्रा कॅलिफोर्नियातील न्यायाधीशाच्या अंगणात विसावतो. दोन्ही कृती एकत्र वाचल्यास प्राण्याचा स्वभाव रक्ताइतकाच त्याला मिळालेल्या वागणुकीने घडतो, हेच सूत्र हाती येते.

निष्कर्ष :

‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही आदिमतेकडे परतण्याची कथा म्हणून गाजली. तिचे खरे सामर्थ्य सक्तीने लादलेल्या जीवनाशी एका जिवाने केलेल्या जुळवणुकीच्या सूक्ष्म चित्रणात आहे. तिची मर्यादा ही की, ती माणसाच्या क्रौर्याला निसर्गाचे नाव देते आणि रानातील माणसाला अदृश्य करते. बकच्या शौर्याने भारावून जाताना वाचकाने दोन प्रश्न सोडू नयेत : दंडुका कोणाच्या हातात होता, आणि ते रान कोणाचे होते? हे प्रश्न विचारल्याने कादंबरीची थोरवी उणावत नाही. डेव्हच्या मरणाला मात्र त्याचा खरा अर्थ मिळतो.