धन्यापुढे उभा राहिलेला माणूस

चित्रपट पाहून परतणाऱ्या मंडळींचे बोलणे ऐकावे. नायकाचा रुबाब, नायिकेची साडी, खलनायकाचे हसणे, गाण्यांच्या चाली यांची उजळणी घर येईपर्यंत पुरते. मग ओसरीवर टेकल्यावर कुणीतरी म्हणतो, “आणि तो हो, तो जाडजूड, घाबरलेला!” सगळे एकदम हसतात. त्याचे नाव कुणालाच आठवत नाही, चेहरा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो. लहान भूमिका करणाऱ्या नटाची कीर्ती ही अशी असते. अशाच एका नटाच्या कामाचा थोडा बारकाईने विचार करावा, असे फार दिवस मनात होते. तो नट म्हणजे विजू खोटे.

१७ डिसेंबर १९४१ रोजी जन्मलेल्या खोट्यांच्या घरात नाट्य आणि चित्रपट दोन्ही नांदत होते. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या काळातले नट. थोर अभिनेत्री दुर्गा खोटे नात्याने काकू. थोरल्या भगिनी शुभा खोटे यांनी ‘सीमा’ (१९५५) पासून हिंदी पडद्यावर जम बसवला, आणि पुढे मेहमूद व आपले धुमाळ यांच्याबरोबर त्यांचे जे विनोदी त्रिकूट जमले, त्याने प्रेक्षकांना किती हसवले हे जुन्या रसिकांना सांगायला नको. अशा घरातल्या मुलाने नायक होण्याचे स्वप्न पाहिले असते तरी त्याला कुणी नावे ठेवली नसती. विजू खोट्यांच्या वाट्याला मात्र गुंड, हवालदार, नोकर, हस्तक अशीच कामे आली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत वयाच्या ७७ व्या वर्षी ते निवर्तले, तोवर अशा भूमिकांची संख्या शेकड्यांत मोजावी लागत होती.

या शेकड्यांतून लोकांच्या ओठांवर राहिल्या त्या दोन. पहिली ‘शोले’तला कालिया.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रकाशित झालेला हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याची गोष्ट आज सांगण्याचे कारण नाही. कालियाचा प्रसंग मात्र पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावा. दोन सोबत्यांना घेऊन कालिया रामगढला धान्य वसूल करायला येतो. गावकऱ्यांपुढे त्याची मिजास पाहून घ्यावी! ठाकूर त्याला झिडकारतो, जय आणि वीरू बंदुका रोखतात, आणि तिघे रिकाम्या हाताने पळ काढतात. पुढच्या प्रसंगात हेच तिघे आपल्या सरदारापुढे उभे असतात.

या क्षणापर्यंत गब्बरसिंग प्रेक्षकाला दिसलेलाच नाही. अमजद खानही तोवर नवखाच होता. हा माणूस केवढा भयंकर आहे, हे प्रेक्षकाने ओळखायचे तरी कशावरून? कुणाला मारताना त्याला आपण अजून पाहिलेले नाही. तो खडकांवरून फेऱ्या घालतो, पट्टा फरफटत नेतो, किती माणसे होती एवढाच साधा प्रश्न विचारतो. त्या साध्या प्रश्नात मृत्यू दडलेला आहे, ही बातमी आपल्याला पोचते ती कालियाच्या चेहऱ्यावरून. घटकाभरापूर्वी गावावर गुरकावणारा हा धिप्पाड गडी इथे एवढासा झालेला असतो. नजर वर उचलत नाही, आवाज घशात अडकतो, उत्तर द्यावे की गप्प राहावे याचा हिशेब कपाळावर लिहिलेला दिसतो. नटाचे आडनाव खोटे, पण भीती इतकी खरी की गब्बरचा दरारा आपण तिच्या तारणावर मान्य करून टाकतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की गब्बरसिंग ही भूमिका दोघांनी मिळून उभी केली. अमजद खानने तिला आवाज आणि चाल दिली. तिची दहशत विजू खोट्यांनी पुरवली. राजाची भूमिका राजा करतो त्याहून अधिक त्याच्यापुढे वाकणारे लोक करतात, हे आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांना ठाऊक होते. चोपदार नीट उभा राहिला नाही, तर भरजरी अंगरखा घातलेला महाराजही पोकळ वाटतो.

प्रसंगाचा शेवट पाहा. पिस्तुलात तीनच गोळ्या उरतात, चक्र फिरते, दोघे वाचतात आणि कालियाची पाळी येते. आपण सरदाराचे मीठ खाल्ले आहे, याची तो आठवण करून देतो. या वाक्यावर आजवर लाखो लोक हसले, कारण त्याला मिळणारे उत्तर चटकदार आहे. पण ते वाक्य खोट्यांनी कसे म्हटले आहे ते पुन्हा ऐकावे. त्यात विनोदाचा मागमूस नाही. आयुष्यभराच्या चाकरीतून जमवलेली ही एकच शिल्लक त्या माणसाकडे आहे आणि ती तो काउंटरवर ठेवतो. समोरचा ती मोजूनही घेत नाही. तोही वाचतो, गब्बर हसतो, सगळी टोळी हसते, आणि त्या हसण्यातच तिघांना गोळ्या घातल्या जातात. सुटकेच्या आनंदात हसणारा कालिया हा या चित्रपटातला सर्वांत करुण चेहरा आहे, असे मला वाटते.

आमच्या परभणी जिल्ह्यात हा प्रसंग निराळ्या कानांनी ऐकला जातो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. पाडव्याला साल ठरवायचे आणि वर्षभर एका दाराशी राबायचे, ही सालगड्याची रीत मराठवाड्याला परकी नाही. जिंतूर-गंगाखेडकडच्या प्रेक्षकाला डाकूंची दरी अनोळखी असेल. काम फसल्यावर मालकापुढे मान खाली घालून उभे राहणे मात्र त्याला शिकवावे लागत नाही. इतकी वर्षे तुमचे खाल्ले, ही विनवणी त्याने घरात, शेतात, पेढीवर ऐकलेली असते. कालिया दरोडेखोर आहे, निरपराध मुळीच नाही. तरीही त्या घटकेला प्रेक्षक त्याच्या बाजूला सरकतो, आणि हे सरकवण्याचे काम लेखकाच्या चार ओळींइतकेच नटाच्या घामाने केले आहे.

‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि त्या लग्नमांडवांतून, गणेशोत्सवांतून वाजू लागल्या. चित्र नाही, चेहरा नाही, नुसता आवाज. तरीही कालिया लोकांना दिसत राहिला. केवळ आवाजावर पात्र उभे राहणे ही नटाची कसोटी असते, आणि मोजक्या वाक्यांच्या भांडवलावर खोटे तिला उतरले.

दुसरी भूमिका आली त्यानंतर एकोणीस वर्षांनी. राजकुमार संतोषी यांच्या ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) मध्ये ते रॉबर्ट झाले. हाही हस्तकच, याचाही एक सरदार, आणि हाही फसलेल्या कामाचा जाब देत धन्यापुढे उभा. फरक एवढाच, की रॉबर्टला भीतीच उरलेली नाही. चुकीने चूक झाली, हे एकच तो दोन भाषांत मिळून सांगतो आणि मोकळा होतो! चित्रपट प्रथम फारसा चालला नाही. पुढे त्याला जी लोकप्रियता लाभली, तीत रॉबर्टच्या त्या कबुलीचा वाटा मोठा आहे. ज्या वाक्याची किंमत कालियाने जिवाने मोजली, तेच रॉबर्ट खांदे उडवून म्हणतो. एकाच नटाने एकाच प्रसंगाची शोकांतिका आणि प्रहसन दोन्ही करून दाखवल्याचे उदाहरण सहसा सापडायचे नाही.

या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते सगळेच सोन्याचे आहे, असे मी म्हणणार नाही. अनेक चित्रपटांत त्यांना केवळ जागा भरण्यासाठी उभे केलेले दिसते, आणि तिथे खोटेही डोळे वटारण्याच्या ठरीव युक्तीवर भागवतात. यात दोष नटाचा थोडा, धंद्याचा अधिक. एकदा गुंड शोभला की दहा निर्माते त्याला गुंडच करतात. लेखक पात्राला नाव द्यायचेही कष्ट घेत नाही. मनासारखी थोडी मोकळी जागा मिळाली ती दूरदर्शनवर. ‘जबान संभालके’ या १९९३ च्या मालिकेत हिंदीच्या वर्गात बसलेला मराठी विद्यार्थी त्यांनी केला. मराठी वळणाच्या हिंदीची टिंगल करून टाळी घेणे सोपे होते. त्यांनी त्या माणसाला थोडा अडाणी, थोडा चिवट आणि पुरता भला ठेवला. म्हणून मराठी घरांत ती मालिका राग न येता पाहिली गेली.

हॉलिवूडने दुय्यम नटांसाठी १९३६ सालच्या चित्रपटांपासून स्वतंत्र ऑस्कर ठेवला. पहिलाच मान वॉल्टर ब्रेनन यांना मिळाला आणि पुढील चार वर्षांत त्यांनी तो आणखी दोनदा मिळवला. तिथल्या ‘कॅसाब्लांका’ (१९४२) मधली बरीच लहान कामे युरोपातून खरोखरच परागंदा झालेल्या नटांनी केली. त्यामुळे त्या हॉटेलातले प्रत्येक टेबल जिवंत वाटते. आपल्याकडे फिल्मफेअरने १९५५ पासून साहाय्यक नटांना पारितोषिके दिली, आणि अगदी पहिल्या वर्षी ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड व ‘बादबान’साठी आपल्या उषा किरण यांचा गौरव झाला. परंतु ही पारितोषिके त्यांना, ज्यांच्या पात्राला निदान घरदार आणि पूर्वेतिहास असतो. पाच मिनिटांत येऊन मरून जाणाऱ्या कालियाला कोणते पारितोषिक? त्याची नोंद टीकाकारानेच ठेवायची असते, आणि आम्ही टीकाकार बहुधा नायकाच्या मिरवणुकीत चालत असतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी जुने चित्रपट पुन्हा पाहिले जातात. मुलाबाळांसह ‘शोले’ लावाल, तेव्हा गब्बर बोलू लागला की एक प्रयोग करून पाहावा. त्याच्याकडे न बघता त्या तिघांतल्या कालियाकडे बघावे. मुलांना विचारावे, याला कशाची भीती वाटते आहे? ती सांगू लागतील ते ऐकताना कळेल, की त्यांनी गब्बरची ताकद गब्बरकडे न पाहताच ओळखली आहे.